लाकडी मांजराशेजारची मुलगी

डोळे मिटा आणि एक मुलगी समोर आणा. तिचे केस पांढरेशुभ्र, तोंड कोळशासारखं काळं आणि दात त्याहून काळे. भिऊ नका. फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, अशीच असते. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. काचेवर सगळ्या मुली एकीसारख्या एक. कोण कुठली ते कळतं काच कागदावर उतरली म्हणजे.

मुलुंडच्या माणिकला हे चालता-बोलता शिकायला मिळालं होतं, कारण तिचे वडील, अण्णा, घरामागेच स्टुडिओ चालवत.

त्या दुपारी तिथे श्यामसुंदर नावाचे आर्टिस्ट आले आणि त्यांनी गोळ्यांचा पत्र्याचा डबा मेजावर असा आपटला की झाकण उडालं.

"ही पोर कोण, अण्णा?"

डब्यावर जयंती होती. समोरच्या चाळीतली जयंती, झालरीचा फ्रॉक घालून खुर्चीत, लाकडी मांजराशेजारी हसत बसलेली.

अण्णा असे फोटो आधीच काढून ठेवत. हसरी मुलं, कमळं, घागरी घेतलेल्या बायका. डब्यांवरची, वेष्टनांवरची चित्रं रचणारे आर्टिस्ट येत, फोटो निवडत, आकार सांगत. अण्णा तेवढा छापून, नको ते कापून देत. एखाद्याला फोटो एकट्यालाच हवा असला, तर त्याच्या डोळ्यांदेखत काच फोडायची. दुसरी प्रत निघायला नको.

जयंतीचा फोटो श्यामसुंदरांनी बिस्किटांच्या डब्यासाठी असाच घेतला होता. अण्णांनी आतून स्वतः काच आणली आणि फरशीवर टाकली. तेव्हा माणिक तिथेच होती. तिला फार बरं वाटलं होतं.

कारण जयंतीचा फोटो काढला त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, तोच फ्रॉक घालून तीही बसली होती. हट्टच धरला होता तिने. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला, म्हणून अण्णा म्हणाले, "तोंड मिटून बस." ऐन वेळी तिला हसू आलं.

"घालवलीस काच फुकट," अण्णा म्हणाले होते. "जयंतीचं तोंड विकलं जातं. तुझं कोण घेणार?"

तिने फोटो मागितला की ते म्हणत, "उद्या." तेव्हापासून माणिक हसताना तोंडावर हात धरी.

"माझ्या डब्यावर मांजर नाही," श्यामसुंदर म्हणाले. "मी कापायला लावलं होतं. ह्या गोळीवाल्यांच्या डब्यावर लाकडी मांजरासकट पोर आहे. म्हणजे माझ्या डब्यावरून उतरवलेलं नाही हे. फोटो इथूनच गेला."

अण्णांनी डबा फिरवून पाहिला. मग दाराकडे पाहिलं. दारात धाकू उभा होता. छापायचं आणि कापायचं काम त्याचं.

"धाकू, जादा प्रत काढून ठेवली होतीस ना?"

"नाय, अण्णानू. देवाशपथ."

"मग मी विकली?"

"तां माका काय म्हायत?"

"तोंड वर करून बोलतोस? उचल तुझी वळकटी. चोराला माझ्या घरात जागा नाही."

धाकू वळून अंगणात गेला.

श्यामसुंदर मात्र हलले नाहीत. "गड्याला हाकललात की सुटलात होय? काच भलतीच फोडली नसेल कशावरून? मला काय कळतंय काळ्या तोंडातलं? उद्यापासून एकही आर्टिस्ट तुमची पायरी चढणार नाही. बघतोच मी."

अण्णांचा चेहरा पडला. माणिकला ते बघवेना.

"तुकडे आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"केरात टाक म्हणालो होतो ना?" अण्णा हळूच म्हणाले.

टाकले नव्हते तिने. बुटांच्या खोक्यात ठेवले होते. जयंतीचा राग आला की खोकं उघडून ती ते फुटकं तोंड बघत बसे.

"कागदावर उतरवून दाखवते. मग कळेल ह्यांना, जयंतीचीच काच फोडली ते."

"कशाला उगाच? हात कापेल."

अण्णांना आपली काळजी, असं वाटून माणिकला आणखी चेव आला. ती खोकं घेऊन अंगणात पळाली.

धाकू नळापाशी वळकटी बांधत होता. "काय करतंस गो?"

"तुमची चोरी पकडतेय."

तिने फोटो छापायच्या चौकटीत तुकडे जुळवले. मधला चेहराच चार ठिकाणी फुटलेला. खाली उन्हाचा कागद ठेवला. हा कागद नुसत्या उन्हानेच काळा होतो आणि चित्र धरतो.

धाकूने मान वर केली. "उलटी लावलंस काच. परत लाव." आणि पुन्हा दोरी आवळू लागला.

माणिकने काच नीट लावून चौकट उन्हात धरली. आतून अण्णा हाका मारत होते. "माणिक, राहू दे ते. आत ये आधी."

थोड्या वेळाने तिने चौकट उघडली. कागद तपकिरी झाला होता. त्यावर खुर्ची होती. झालरीचा फ्रॉक होता. लाकडी मांजरही होतं. मग तिने चेहरा पाहिला.

हाका थांबल्या तरी ती तशीच उभी होती. धाकूने वळकटी खांद्यावर घेतली.

"थांबा धाकूकाका," ती म्हणाली. "जाऊ नका."

ती आत आली. अण्णांनी हात पुढे केला. तिने कागद त्यांना दिला नाही. ती श्यामसुंदरांसमोर जाऊन उभी राहिली, फोटो आपल्या गालाशी धरला, आणि तोंडावर हात न धरता, फोटोतल्यासारखाच टवका उडालेला दात दाखवत, हसली.