अज्जांदेखत

"मायाप्पा, उचल तिला! आधी उचल!" गुरुलिंग ओरडला.

ओरडला, पण जागचा हलला नाही. चार वर्षांची ईरम्मा ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवरून घसरली ती थेट तराजूजवळच्या लोखंडी वजनावर. भुवई फाटली, रक्त वाहू लागलं. पोरगी त्याचीच. पडली तीही त्याच्याच पायांशी. त्याचे हात पुढं गेलेसुद्धा होते. पण दुकानाच्या गादीवर त्याचे वडील महादेवप्पा बसले होते आणि हात आपोआप मागं आले. हमाल मायाप्पानं पोरीला उचललं, खांद्यावरच्या पंच्यानं तिचं कपाळ दाबून धरलं आणि समोरच्याच तांग्यात बसला. मागोमाग महादेवप्पा चढले, मग गुरुलिंग.

महादेवप्पांच्या घरात आपल्या बापादेखत कुणी स्वतःचं मूल कडेवर घेत नसे. आजोबानं घ्यावं, चुलत्यानं खांद्यावर मिरवावं, हमालानं खेळवावं. जन्मदात्यानं तेवढं तिकडं बघायचं नाही. घेतलं तर तो बेशरम, बायकोचा बैल. गुरुलिंगाला त्याच्या वडिलांनी कधी घेतलं नव्हतं आणि त्यांना त्यांच्या. आताशा जग बदलत होतं. शेजारचा बँकेतला कारकून रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन रस्त्यानं हिंडायचा. "बाप हाय का दाई?" महादेवप्पा गादीवरून म्हणायचे, आणि गुरुलिंग हसायचा. मनातून त्याला त्या कारकुनाचा हेवा वाटे, आणि मग आपण हसलो याची लाज. माडीवरच्या खोलीला आतून कडी लागली की तो 'अप्पा, अप्पा' म्हणणाऱ्या लेकीचा घोडा व्हायचा, हे घरात फक्त त्याच्या बायकोला, रत्नम्माला ठाऊक होतं. खाली आलं की मात्र बाप बाप नव्हता. ईरम्माही त्याच्यासमोरून अशी जायची, जणू तिथं माणूस नाही, खांब आहे. "पोरीला वळण हाय," महादेवप्पा कौतुकानं म्हणत.

सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात नवी लेडी डॉक्टर होती. तिनं पंचा बाजूला करून जखम पाहिली.

"टाके घालावे लागतील. वडिलांनी मांडीवर घेऊन डोकं घट्ट धरायचं. वडील कोण?"

भिंतीवर कुटुंबनियोजनाचं, लाल त्रिकोणाचं सरकारी चित्र होतं. त्यातल्या बापानं पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि वर तो खुशाल हसत होता. महादेवप्पांनी चित्राकडं पाहून मान फिरवली.

"मी अज्जा हाय तिचा. मी धरतो."

"तुमचे हात थरथरतायत, आजोबा. आणि हे कोण?"

डॉक्टरीण गुरुलिंगाकडं बघत होती. गुरुलिंगानं वडिलांकडं पाहिलं. त्यांची नजर त्याच्यावरच होती.

"मी... दुकानातनं आलोय," तो म्हणाला.

तसं खोटं काहीच नव्हतं. मायाप्पा गुपचूप स्टुलावर बसला, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं छातीशी धरलं. गुरुलिंगाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण दवाखान्याची फरशी चांगली घट्ट होती.

सुई टोचली तशी ईरम्मा किंचाळली. "अव्वा! अव्वा गं!" आई घरी होती. मग तिनं अज्जांना हाक मारली. मग मायाप्पालाही. गुरुलिंग पडद्याशी उभा होता, चार पावलांवर. मध्येच तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. ओठ हलले. मग ते तिनं दातांखाली दाबून धरले आणि तोंड फिरवलं.

रुसली, त्याच्या मनात आलं. का नाही रुसणार? माडीवर गळ्यातले हात सोडत नाही ती पोरगी, आणि तिच्या बापानं भर दवाखान्यात तिला ओळख दिली नव्हती. मायाप्पाच्या सदऱ्यावर रक्त होतं. त्याचा स्वतःचा सदरा पांढराशुभ्र होता, इस्त्रीचा. त्या सदऱ्याची त्याला किळस आली.

बाहेर आल्यावर महादेवप्पा तांग्याच्या पायरीवर पाय ठेवत होते. गुरुलिंग सरळ पुढं झाला आणि त्यानं मायाप्पाच्या हातातून पोरीला ओढूनच घेतलं. भर सात रस्त्यावर, उजेडात, बापादेखत.

"गुरू!" महादेवप्पांचा पाय पायरीवरच राहिला.

गुरुलिंगाचे कान तापले. आजूबाजूचं सगळं सोलापूर आपल्याकडंच बघतंय असं त्याला वाटलं. तरी त्यानं पोरीला सोडलं नाही. आता ती गळ्यात पडेल, रडेल, मग आपणही रडू, म्हणजे झालं.

ईरम्मा गळ्यात पडली नाही. तिचं अंग ताठ झालं. दोन्ही हातांनी ती त्याची छाती मागं रेटू लागली. एकदा तिनं घाबरून अज्जांकडं पाहिलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"खाली सोड की, अज्जा बघायलेत," ती कुजबुजली. "तू सांगितलंतास न्हवं? एवढं दुकलं, तरी मी तुला अप्पा म्हनून हाक मारली न्हाय."