अर्धं पान

पान सगळंच काळंनिळं झालं.

चौऱ्याऐंशीचा डिसेंबर. मुलुंडच्या एका शाळेत आठवीचा वर्ग माना उंच करून टेबलावरच्या बशीकडे बघत होता. अनुपमाबाईंनी निष्कर्ष फळ्यावर आधीच लिहून टाकला होता: बाटलीतल्या पोटॅशने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला, म्हणून पानाच्या बाटलीतल्या अर्ध्या भागाला पिष्ट तयार करता आलं नाही. पिष्टाला काळंनिळं करणारं आयोडीन टाकलं तरी तो अर्धा भाग पिवळटच राहायला हवा. बशीतलं पान मात्र फळ्याचं ऐकायला तयार नव्हतं.

मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते, शेजारी मुख्याध्यापक. बाईंना नोकरीत कायम करायचं की एप्रिलअखेर नारळ द्यायचा, ते साहेबांच्या आजच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

"कुंडी दोन दिवस अंधारात ठेवली होती ना?" साहेबांनी विचारलं. "पानातलं आधीचं पिष्ट संपायला हवं."

ठेवली नव्हती. शनिवारी मावसबहिणीच्या साखरपुड्याला पळायच्या घाईत बाई साफ विसरल्या होत्या. आज सकाळी तशीच बाटली बांधून त्यांनी देवावर हवाला ठेवला होता.

"कपाटात ठेवली होती, सर," बाई म्हणाल्या. जीभ कशी अगदी सहज वळली. "गुणाजींनी बाहेर काढली असेल."

शिपाई गुणाजी बाजूला स्पिरिटचा दिवा विझवत होते. वयाने बाईंच्या वडिलांएवढे. त्यांनी बाईंकडे एकदाच पाहिलं.

"होय सायबानू, मियाच काढलंय. झाड उन्हात आपला जेवाण आपणच रांधता, असा बाईच शिकवतत. म्हटलंय, दोन दिस चूल कित्याक बंद ठेवची?"

वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. "शिपायापर्यंत धडा पोचलाय की बाईंचा," म्हणत त्यांनी वहीत चांगला लांबलचक शेरा लिहिला. मुख्याध्यापकांनी मात्र तिथल्या तिथे गुणाजींना लेखी खुलासा द्यायला सांगितलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घंटा झाली तशी त्यांनी फळ्यावरचा निष्कर्ष पुसून टाकला.

वर्ग रिकामा झाल्यावर त्या गुणाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चूक माझी होती. मी आत्ता जाते आणि साहेबांना सांगते."

गुणाजी बशी विसळत होते.

"कशाक?" ते म्हणाले. "माझी नोकरी पक्की आसा, बाई. तुमची अजून व्हवची आसा."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या.