कोपराचं माप

"वहिनी, शेवटचं विचारतो." वेल्डरने काच कपाळावर सरकवली. "स्टँडची उंची बरोबर आहे ना? आत्ता नुसते टाके मारलेत, हवं तर पाय कापता येतील. एकदा जमिनीत बोल्ट बसले, की मग फरशी फोडल्याशिवाय सुटका नाही."

घ्या! प्रश्न तिला, आणि उत्तराकडे कान लावून उभा नवरा.

मागच्या खोलीत स्टँड उभा होता. अँगलचे चार पाय, आडव्या-तिरक्या पट्ट्या, वर जाडजूड प्लेट. त्यावर हँडप्रेस चढायचा होता. आतापर्यंत तो लाकडी टेबलावर असायचा. पत्र्याच्या पट्टीतून वॉशर पाडायला दांडा ओढला, की टेबल खोलीभर फिरायला निघायचं. परवा तर त्याचा पायच निखळला आणि प्रेस तिच्या पावलावर पडता पडता वाचला. तेव्हा कुठे नवऱ्याने मनावर घेतलं. अपघातात उजवा हात खांद्यापासून निकामी झाल्यापासून हा माणूस खिडकीशी बसून असायचा, हूं नाही की चूं नाही. तो उठला. डाव्या हाताने वेडीवाकडी का होईना, आकृती काढली. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, या वेल्डरला, बोलावून घेतलं. आणि सकाळपासून त्याच्यावर असा ओरडत होता, की शेजारीण दारातून डोकावून गेली. ते ओरडणं ऐकत ती स्वयंपाकघरात उभी राहिली होती. दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नाही.

पण स्टँड उभा केला आणि ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. काम कोपराच्या उंचीला आलं पाहिजे, नाहीतर खांदा जातो, हे नवऱ्याचंच पेटंट वाक्य. प्लेट तिच्या छातीला लागत होती. प्रेस ती चालवते, कधीपासून तीच चालवते आहे, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण टेप लावताना त्याने स्वतःचा कोपर मापला होता. त्याच्या मनात त्या प्रेसपुढे अजून तोच उभा होता.

कापा म्हणायचं, म्हणजे तुमचा हात काही आता परत येत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायचं. तेही सोबत्यासमोर. नको म्हणावं, तर दिवसभर टाचा उचलून दांडा ओढायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"वहिनी?"

नवरा प्लेटवरून हात फिरवत होता. काही नव्हतं तिथे पुसण्यासारखं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मारा बोल्ट."

"ऐकलंस?" नवरा वेल्डरवर खेकसला. "माप माझं चुकत नाही. हत्ती नाचव त्याच्यावर, हत्ती!"

वेल्डरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा प्लेटकडे. मग काच खाली ओढून घेतली आणि कामाला लागला.

वेल्डिंग झालं, बोल्ट आवळले. तिघांनी मिळून प्रेस वर चढवला. नवऱ्याने डावा खांदा लावला. घामाने निथळत होता, पण चेहरा बघावा! लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका खूश नव्हता.

"चालव बघू आता."

तिने पट्टी आत सरकवली आणि दांड्याला हात घातला. हात पोचला, पण जोर पोचेना. दांडा अर्ध्यावर येऊन अडकला. तिने टाचा उचलल्या, लोंबकळल्यासारखं अंग टाकलं. दोन हिसक्यांनी एकदाचा वॉशर पडला.

"अगं बाई, जरासुद्धा हलला नाही हो स्टँड!" ती म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

नवरा स्टँडकडे बघतच नव्हता. तो तिच्या टाचांकडे बघत होता.

तिने त्या झटकन खाली टेकवल्या. उशीर झाला होता.

"होईल सवय. नवीन आहे म्हणून वाटतंय तसं."

पलंगाखालून त्याने आपली हत्यारांची लाकडी पेटी ओढून काढली. झाकण उघडलं आणि एकेक हत्यार बाहेर काढून पलंगावर मांडायला लागला. पाने, कानशी, छिन्न्या. कारखान्यात या पेटीला कुणी हात लावला तरी तो अंगावर धावून जायचा.

"अहो, हे काय आता? राहू द्या ना. ऐका तरी माझं."

त्याचा हात धरावा असं तिला फार वाटलं. पण धरायला एकच हात होता, आणि तो कामात होता. ती तशीच बघत राहिली.

रिकामी पेटी त्याने उपडी केली, पायाने ढकलत स्टँडपुढे आणली आणि वरची धूळ बाहीने पुसली.

"चढ."

"आणि तुम्ही कामाला लागाल तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हा काढू की बाजूला. त्यात काय!"

ती चढली. न चढून करते काय? प्लेट बरोबर कोपराला आली.

वेल्डर भिंतीकडे तोंड करून केबल गुंडाळत होता. झालेलं गुंडाळून पुन्हा सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"तू कुठे निघालास?" नवरा त्याला म्हणाला. "ड्रिल काढ परत. पेटीलाही बोल्ट मार. हलता कामा नये."