चौथ्या यानाचं नाव

एकोणीसशे सहासष्ट साली मलकापूरची कोकिळा एका मासिकात अंतराळाच्या गोष्टी लिहायची. तिच्या ताफ्यातली 'भिंगरी' जातीची यानं अगदी लहान, ना तोफ ना बंदूक, नुसती ताऱ्यांची मोजमापं घेणारी. गोष्टीतली मोठाली लढाऊ यानं केव्हाच भंगारात गेली, पण चित्रा, मुकुंद आणि वासंती या तीन भिंगऱ्या कथेतल्या काळाची चाळीस वर्षं सुखरूप फिरत होत्या.

एका दुपारी तिचे यजमान शेषराव संपादकांचं पत्र घेऊन आले.

"वाचक कंटाळले म्हन्तात. एक भिंगरी गडप कर, नाहीतर चौथी आण. कागदाचं यान ते, काऊन एवढा जीव लावून राह्यली?"

"गडप नाही करणार."

"मंग चौथीचं नाव सांग, आजच्या टपालानं धाडतो."

कोकिळेनं पाळण्यात हात घालून आठ दिवसांच्या लेकीचा श्वास पाहिला. आधीची तिन्ही लेकरं याच पाळण्यातून, बाराव्या दिवसाच्या आत, बिननावाचीच गेली होती.



"नाव ठरलं हाये," ती हळूच म्हणाली. "पन चार दिवस थांबा. बारसं झालं, तं ते हिलेच ठेवायचं हाये."