परातीतलं मुसळ

तृप्ती दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून फोनवर चंद्र दाखवत होती. चंद्राची एक कड तेवढी उरली होती. इकडे कोंढ्याला सकाळचे पावणेदहा झाले होते आणि अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.

"नातीनं उघड्या डोळ्यानं गिरन पायलं," शेजारच्या गोदावरीबाई म्हणाल्या. "परातीत पाणी घालून मुसळ उभं कर, पार्वता. ते उभं हाय तोवर पोरीवर गिरन हाय, पडलं का सुटलं."

पार्वताबाई हसल्या. त्यांच्या बापाने छप्पनला दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात कोणी ग्रहण पाळलं नव्हतं. आईने तर ऐन ग्रहणात याच मुसळाने मिरच्या कांडल्या होत्या.

"आपल्या इथं त गिरनच नाही, बाई. पाय आता, कसं पडते ते."

त्यांनी परातीत मुसळ उभं धरलं आणि हात काढून घेतले. मुसळ उभंच राहिलं.

साडेअकराला तृप्तीचा पुन्हा फोन आला. "सुटलं ग्रहण, आजी. पूर्ण चंद्र दिसून राहिला."

मुसळ तसंच उभं होतं.

गोदावरीबाईंनी तोंडाला पदर लावला. "आता त्याले हात नोको लावू."

"काहून? मुसळ माझं, नातबी माझी."

पार्वताबाईंनी दोन्ही हातांनी मुसळ धरून वर ओढलं. ते हललं नाही. त्यांनी पाय रोवून जोर लावला, तेव्हा परातीतून कोणीतरी तितक्याच जोराने मुसळ खाली ओढलं.

त्यांनी पकड सोडली नाही.

"ओढ," त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "मीबी ओढतो."