रिपोर्टचा उपास

झोजी ला घाटाचं गेट अजून उघडलं नव्हतं. वर बर्फ काढायचं काम चालू होतं. सोनमर्गच्या पुढे ट्रकांची लांब रांग लागली होती आणि रांगेच्या मधोमध एक बुलेट उभी होती, मागे दोन बॅगा करकचून बांधलेल्या. नंबर एमएच एकोणीस, म्हणजे जळगावचा.

सुलक्षणा हेल्मेट काढून कडेच्या दगडावर बसली होती. हातात मोबाइल. दुपारचे दोन वाजून गेले होते.

"लाव ना फोन," तिचा नवरा हितेंद्र म्हणाला. "वर गेल्यावर रेंज नाही."

"काय सांगू?"

"ठरलंय ते. नाशिकला दवाखान्यात आहोत. रिपोर्ट आला. या वेळीही गर्भ नाही राहिला."

"आणि आई लगेच पाणी पितील."

"पिऊ दे की. सकाळपासून घोटभर घेतलं नसेल तिने."

रावेरला तिच्या सासूबाई, बेबाबाई, पहाटेपासून देवासमोर बसल्या असणार. रिपोर्ट कळेपर्यंत निर्जळी. ही चौथी वेळ.

"खोट्यावर उपास सोडायला लावू त्यांना?"

"उपास धर म्हणून आपण सांगितलं होतं का?"

"आधीच्या तिन्ही वेळीही नव्हतं सांगितलं."

 बुलेटच्या चाकातली माती हितेंद्र बुटाने खरवडत राहिला.

पुढच्या ट्रकमधून कानटोपी घातलेला एक ड्रायव्हर उतरला. नंबरकडे बघत सरळ जवळ आला.

"ओ जळगाववाला! कोनता गावना शेतस?"

"रावेर."

"घ्या! मी उखर्डू, पारोळाना. गाडीमा माल तुमना रावेरनाच शे. तोतारामआबासनी केळी."

"आमचेच वडील ते," हितेंद्र बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याने जीभ चावली.

उखर्डूने कपाळाला हात लावला. "आबासना पोऱ्या! आनि ह्या वयनी. आठे, बरफमा! थांबा, आबासले फोटो धाडी देस." त्याने मोबाइल काढला आणि टिपलाही.

हितेंद्रने त्याचा हातच धरला. "भाऊ, तो फोटो पुसून टाका. घरी माहीत नाही."

उखर्डूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "पळीसन उनात का काय?"

"नऊ वर्षं झाली लग्नाला!"

"मंग आपलाच बापले भितस कसाले?"

सुलक्षणाला हसू आलं. हितेंद्रला नाही. उखर्डूने फोटो पुसला, पुसलेला दाखवला आणि म्हणाला, "ल्या. मी काही दखं नही." जाता जाता वळून म्हणाला, "पन वयनी, फोटो झकास उना व्हता." मग तो ताडपत्रीच्या दोऱ्या तपासायला निघून गेला.

"वाचलो," हितेंद्र म्हणाला. "आता कुणालाच कळत नाही. लाव."

तिने लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय वं, काय म्हने डाक्टर?" बेबाबाईंचा आवाज कोरडा पडला होता. जीभ टाळ्याला चिकटत होती.

"आई, आम्ही दवाखान्यात नाही."

हितेंद्रने मान झटकन वर केली.

"नाशिकलाही नाही. काश्मीरात आहोत. गाडीवर आलोय."

हितेंद्र फोन घ्यायला पुढे झाला. ती पाठ करून उभी राहिली.

"या वेळी गेलोच नाही, आई. मी आता सुया टोचून घेणार नाही. पुढेही नाही. मीच म्हटलं यांना, यांचा दोष नाही. तुम्ही तिकडे तशा बसलेल्या आणि मी इथून खोटं सांगायचं, ते नाही जमलं मला."

 हितेंद्र गाडीला टेकून खाली उकिडवा बसला. त्याने डोळे मिटून घेतले.

मग बेबाबाई म्हणाल्या, "गाडीवर? इतक्या दूर?"

"हो."

"मागं बसून पाय नाही दुखत?"

"दुखतात."

 तिने एकदा फोन कानापासून दूर धरून बघितला, चालू आहे ना. चालू होता.

"मंग," बेबाबाईंनी विचारलं, "मी पानी पेऊ का?"



"प्या, आई."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता. माठावरचं झाकण सरकलं.

इतक्यात पुढे जवानाची शिट्टी वाजली. गेट उघडलं होतं. एकामागून एक ट्रक सुरू झाले, धूर रस्त्यावर पसरला. हितेंद्र उठला, बुलेटवर बसला, चावी फिरवली. मागच्या ट्रकने हॉर्न धरला, त्याच्या मागच्यानेही.

सुलक्षणाने एक हात उंच करून सगळ्या रांगेला थांबायची खूण केली, आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी आणखी दाबला.