वरच्या सुराआधी

केकचं खोकं पुढे करून मोरी-सान दारातच वाकले. पूर्वीने ते घेतलं नाही.

"इतक्या वर्षांनी आज कशी आठवण झाली?" तिने जपानीत विचारलं.

"'योआके' पुन्हा निघतंय. या वेळी गायिकेचं नाव छापायचं आहे."

योआके म्हणजे पहाट. मोरी-साननी तरुणपणी कोबेच्या एका स्टुडिओत रचलेलं ते 'हाउस' प्रकारचं नाचाचं गाणं अजून देशोदेशीच्या क्लबांत वाजतं. मधला आलाप सुरू झाला की नाचणारे हात वर करतात. कव्हरवर एका मॉडेलचा फोटो होता. स्टेजवर ओठही तीच हलवायची. तो आवाज आपला आहे असं पूर्वीची आई, सुप्रभा, सांगायची. महाराष्ट्र मंडळात लोक हसले, तेव्हापासून तिने विषय सोडला. हसणाऱ्यांत पूर्वीही होती.

सुप्रभा आतून आली. तिने मोरी-सानना बसा म्हटलं नाही.

"नाव छापायला घरी कशाला यावं लागतं? तुम्हाला ठाऊक नाही कोण गायलं ते?"

"मला ठाऊक आहे." ते चाचरले. "पण आणखी दोघी तेच म्हणतायत. कंपनीला खात्री हवी आहे. एकदा गाऊन दाखवाल?"

"म्हणजे परीक्षा घ्यायला आलात." तिची नजर त्यांच्या खिशावर गेली. "आणि तिथे रेकॉर्डिंग चालू असणार."

मोरी-साननी फोन काढून बंद केला, चपलांच्या कपाटावर ठेवला. पूर्वीने तो उचलून तपासला.

सुप्रभा उभ्यानेच गायली. खालचे सूर नीट लागले. मग ती थांबली, दम घेतला, आणि वर जाताना आवाज चिरकला.

पूर्वीने मान खाली घातली. गाण्यात तो आलाप कुठेही न थांबता सरळ वर चढतो. तिने तो शेकडो वेळा ऐकला होता.

"आई, राहू दे," ती मराठीत म्हणाली.

मोरी-सान मात्र दाराच्या पायरीवर मटकन बसले होते.

"तेव्हाही तुम्ही इथेच श्वास घेतला होतात," ते म्हणाले. "नाचणारे थांबू नयेत म्हणून रेकॉर्डिंगमधून तो मी कापला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही." आणि त्यांनी जमिनीवर कपाळ टेकलं.

सुप्रभा मागे सरकली.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "हिला सांगा."